चौथ्या मजल्यावरचं पिठलं

९ फेब्रु.
सकाळी समोरच्या बिल्डिंगच्या गेटात तिरडी बांधत होते. वॉचमनला विचारलं, कोण? "चौथ्या मजल्यावरच्या आजी." म्हणजे वत्सलावहिनीच. महिनाभर आजारी.
गर्दीत एकही ओळखीचा चेहरा नाही. असणार कुठून? तिथं वहिनींचा बंगला होता तेव्हा गल्लीत आम्ही सात घरं. कुणाच्या कुकरची शिट्टी, तेही कळायचं. आता त्या एकाच प्लॉटवर तेव्हाच्या अख्ख्या गल्लीपेक्षा जास्त माणसं.
मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी द्यायचं. रडत रडत पिठलं-भात केला. डबा घेऊन वर गेले. दार वहिनींनीच उघडलं.

१० फेब्रु.
काल पुढचं लिहवेना.
वहिनींनी डबा उघडला. पिठलं बघून म्हणाल्या, "मालू, कोण गेलं गं?" मग माझे डोळे बघितले. "मी?"
आधी दोघी खो खो हसलो. मग वहिनी थांबल्या. समोरच्या फ्लॅटला कुलूप होतं. "त्या गेल्या होय? सकाळी बाहेर माणसं बोलत होती. मला वाटलं, पाहुणे आलेत."
पिठलं कुणीच खाल्लं नाही.

११ फेब्रु.
वहिनींचा फोन. "खरं सांग, रडलीस का?"
म्हटलं, भरपूर.
"बरं वाटलं. म्हणजे मी गेले तर कुणीतरी..." त्यांनी फोन ठेवला.

१३ फेब्रु.
वॉचमनकडून कळलं. माण तालुक्याकडची माणसं, भाड्यानं राहतात. आजींना शववाहिनीतून गावी नेलं. त्याच्या वहीत मुलाचं नाव, गाडीचा नंबर. आजींचं नाव नाही.
दोन वर्षं एकाच मजल्यावर! वहिनींना काय बोलू, मी तरी कुठं कुणाकडं जाते.

२३ फेब्रु.
ती माणसं गावाहून परतली. दोघी भेटायला गेलो. मुलगा इथंच विश्रामबागेत एका ऑफिसात आहे. कडक इस्त्रीचा शर्ट, पण आईचं निघालं तसा गावचंच बोलू लागला.
"आवं काकू, गावात आमच्या आळीला समदी कुलपं. पोरं मुंबैला. आय एकटीच भिंतीसंगं बोलायची. म्हणून हितं आणली. म्हणलं, माणसांत ऱ्हाईल."
वहिनींनी मान खाली घातली. काहीतरी बोलायचं म्हणून मी आजींचं नाव विचारलं.
सून म्हणाली, "सोनाबाई. हितं कुणी इचारलंच न्हाई कवा."
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२६ फेब्रु.
समोरच्या बिल्डिंगमध्ये नवं बिऱ्हाड. टेम्पोतून सामान वर चाललंय. त्यांची म्हातारी गेटापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलीय, एकटीच. जाऊन बोलावं म्हणून चपला घातल्या. मग वाटलं, काय म्हणतील, कोण ही आगाऊ बाई. काढल्या.
लाज वाटते स्वतःची.
अजून तिथंच बसल्यात. ऊन तोंडावर आलंय.