मांडवातलं बोलणं माइकवर

६ फेब्रुवारी, सोमवार

खुर्ची दिली ती मोडकी! स्टेजवर चढवायला चार पोरं, उतरवायला एक नाही. आणि चहा म्हणजे कोमट पाणी. नातवाचा पक्ष म्हणे!

संभाजी महापालिकेला उभा आहे. "आजी, लग्नात विहिणींना बोलतीस तसं दोन शब्द बोल. लोकं हसली पाहिजेत."

बोलले. त्याच्यासमोर उभी आहे माझ्या मैत्रिणीची, मथुराबाईची लेक विजयमाला. नवरा सोडून माहेरी राहते. म्हटलं, "जिला एक नवरा सांभाळता आला नाही, ती वॉर्ड काय सांभाळणार?"

शिट्ट्या काय, टाळ्या काय! संभाजीनं सगळ्यांदेखत पाय धरले. बरं वाटलं. कशाला खोटं लिहू.

८ फेब्रुवारी

दळण टाकायला गेले तर गिरणीवाला दत्तोबा मलाच माझं वाक्य ऐकवतो. सगळ्यांच्या मोबाईलवर आहे. मागं ढोल लावलेत.

मांडवातल्या शिव्यांना आमच्यात कायदा आहे. विहिणीला वाटेल ते बोलावं – नाकावर, चालीवर, लुगड्यावर. पण पंगत बसली की बोलणारणीनंच तिला गुळाचा पहिला घास भरवायचा. बोलणं तिथंच संपतं. विजयमालेच्या लग्नात तिच्या सासूला मीच सोलली होती, घासही मीच भरवला.

स्टेजवर घास कुठला! बोलले आणि गाडीत बसले.

११ फेब्रुवारी

गाव महापालिकेत जायच्या आधी मालक सरपंचकीला पडले होते, तेव्हा निवडून आलेले सर्जेराव आधी आमच्या दारात आले. "अहो पाटील, चहा पाजा." भांडण होतं, पण अहो होतं.

संभाजीला म्हटलं, ते मोबाईलवरचं काढून टाक.

"आता कसं निघंल? आख्ख्या पुण्यानं बघितलंय. उलट अजून एक सभा घे की!"

विजयमाला सासरहून आली त्या दिवशी मथुराबाईनं मलाच हाक मारली होती. पाठीवर पट्ट्याचे वळ. हळद मी लावली. सगळं ठाऊक असून बोलले. ठाऊक होतं म्हणूनच नेमकं लागलं.

१४ फेब्रुवारी

मंडईत मथुराबाई दिसली. गवार निवडत होती. म्हटलं, "अगं –"

माझ्याकडं न बघता भाजीवालीला म्हणाली, "ह्या बाईंचं आधी करा. मोठ्या घरच्या आहेत."

जन्मभर अगं-तुगं. आज बाई!

१५ फेब्रुवारी

पदरात गूळ बांधून त्यांच्या दारापर्यंत गेले. आत विजयमाला आपल्या प्रचाराच्या पोरांना दटावत होती – "आजींवर एक शब्द नाही. ज्याला बोलायचं असंल त्यानं माझा झेंडा खाली ठेवावा आणि घरी जावं."

उंबऱ्यावरून परत फिरले. तिनं शिवी दिली असती तर आत गेले असते.

२१ फेब्रुवारी

मत दिलं. कोणाला ते इथंही लिहीत नाही.

२३ फेब्रुवारी

संभाजी निवडून आला. मिरवणूक मुद्दाम विजयमालेच्या दारापुढं थांबवली. पोरं ओरडली – माझंच वाक्य. तिनं खिडकी लावून घेतली. मी जीपमध्ये, गळ्यात हार. "गाडी पुढं घ्या रे" म्हणत राहिले. माझा एवढा आवाज, कोणाला ऐकू गेला नाही.

पदर तीनदा झटकला. गुलाल निघत नाही.

२६ फेब्रुवारी

सकाळी शकू आली, संभाजीची धाकटी बहीण. सासरहून, एकटी, पिशवी घेऊन. डावा हात कोपरापासून सुजलेला.

"कधीपासून मारतो?"

"दिवाळीपासून."

"मग आधी का नाही आलीस गं?"

"आले होते. स्वारगेटला उतरले. तिथं दोन बायका मोबाईलवर तुझं भाषण बघून हसत होत्या. म्हटलं, आजीच असं म्हणते... मग परतीच्या गाडीत बसले."

हळद लावली.

संभाजी खाली मान घालून बसलाय. त्याला सांगितलं – तुझ्या नगरसेवकाच्या ऑफिसच्या उद्घाटनाला मला माइक पाहिजे. विजयमालेला बोलवायला मी जाते, गूळ घेऊन. ह्या वेळी आत. आणि गल्लीत शकूला कोणी ते वाक्य ऐकवलं, तर घरात कोणी तोंड उघडायचं नाही. वाक्य माझं. उत्तर मीच देणार.