चौथा फीडर

प्रिय आबा,

फोनवर मी हल्ली तुटक बोलते, अशी तुमची तक्रार आहे. खरं आहे. आठ दिवस मी कुणाशीच सरळ बोललेले नाही.

मागच्या मंगळवारी दुपारी ग्रिडची फ्रिक्वेन्सी घसरली. अशा वेळी रिलेने ठरलेल्या गावांची वीज आपोआप तोडायची, म्हणजे सगळं राज्य अंधारात जात नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. आपल्या सबस्टेशनचे तीन फीडर बरोबर बंद पडले, त्यांवरच्या गावांची वीज गेली. आपल्या गावचा चौथा मात्र चालूच! नशिबाने ग्रिड सावरलं. त्याचं पॅनल उघडलं तर रिलेची वायर सोडवून ठेवलेली, टोकाला टेप गुंडाळलेली.

माझा संशय थेट अरिहंतवर गेला. माझ्याच पाळीतला ऑपरेटर, आणि त्याच्या सासऱ्याचं दूध शीतकरण केंद्र आपल्या गावात. पॅनलची किल्ली मी पर्समध्ये ठेवू लागले. त्याने आणलेला चहासुद्धा नको म्हणाले. शेवटी तोच बोलला, "मॅडम, माझ्यावर डाऊट हाय न्हवं? खुशाल चौकशी लावा की. मी हात लावलेला न्हाय." इतकं सरळ बोलतो म्हणून तो मला जास्तच लबाड वाटला. अहवालात त्याचं नाव लिहूनही टाकलं.

काल ती टेप नीट पाहिली. सोडवताना नखाला सापडावं म्हणून टोक आत दुमडलेलं. आबा, असं टोक दुमडणारा एकच माणूस इथं होता, आणि तो तीन वर्षांपूर्वी रिटायर झाला.

त्याच वर्षी आईचं ऑक्सिजनचं मशीन घरी आलं होतं. वीज गेली की तुमचा चेहरा कसा व्हायचा, ते मी पाहिलंय. तुमच्या जागी मी काय केलं असतं, कोण जाणे. पण आई गेल्यावर तरी का सांगितलं नाहीत? विसरलात, की गावाची वीज कधी जात नाही याचं बरं वाटत होतं? मला तुमचा फार राग आलाय.

आणि माझाही. दरवर्षीच्या तपासणीच्या कागदावर सही माझीच आहे. तुमच्या हातचं पॅनल म्हणून मी ते न उघडताच "ठीक" लिहीत आले.

वायर जोडली. अरिहंतची माफी मागितली, तो "ऱ्हाऊ दे" एवढंच म्हणाला. सोमवारी अकराला साहेब चौकशीला येणार आहेत. अहवालातलं त्याचं नाव खोडून मी माझं लिहिलंय. त्याच्या वरची, वायर कुणी सोडवली याची ओळ मोकळी ठेवलीय. ती मला भरायला लावू नका, आबा. तुम्ही या.

तुमचीच,
पूर्णिमा