सात वाजून चोवीस मिनिटं

८ नोव्हेंबर १९९३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडे परत आलो, न जेवता झोपलो आणि पहाटेच्या बसने एक शब्द न बोलता निघून आलो, म्हणून तू रागावली असशील. तोंड उघडलं असतं तर तुझ्या घरात नको ते बोललो असतो, म्हणून आज लिहितो.

एका दिवसात दोनशे किलोमीटर सायकल चालवणं हे माणसाला शोभणारं काम नाही, हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. सकाळी सहाला सुटायचं होतं. तुमच्या गावच्या त्या सायकल क्लबाने शिट्टी वाजवली तेव्हा माझ्या घड्याळात सहा दहा. पहिल्याच घासाला खडा! माझ्यापुढे एक दातांचा डॉक्टर होता. तो दर पाच मिनिटांनी थुंकायचा आणि वारा समोरून होता. पुढचं सांगत नाही, तू नुकतीच जेवली असशील.

वाटेत तीन टप्पे. तिथे टेबलावर कार्ड द्यायचं, ते लोक वेळ लिहून शिक्का मारतात. त्याच टेबलावर केळ्यांची सालं, सालांवर माश्या, आणि एकाच बादलीत सगळ्यांनी बुचकळलेली तोंडं. त्या चिकट कार्डाची इतकी शिसारी आली की मी ते न बघताच खिशात कोंबत होतो. दीडशेच्या पुढे मला माझीच किळस यायला लागली. मोजे कातड्याला चिकटलेले, मांड्या सोललेल्या, तोंडात गोड सरबताचा पाक. तरी थांबलो नाही. आयुष्यात एक तरी गोष्ट केवळ स्वतःच्या अंगबळावर पुरी करायची होती गं.

साडेसातच्या आत पोचायला हवं होतं. पोचलो तेव्हा माझं घड्याळ सात चौतीस दाखवत होतं. चार मिनिटांनी हुकलं. डोळ्यांत पाणी आलं, पण हुकलं ते हुकलं. शेवटच्या टेबलावर निवृत्त स्टेशनमास्तर बसले होते. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, कार्डावर सात चोवीस लिहिलं, शिक्का मारला आणि माझ्या छातीला मेडल लावलं. दया दाखवली मला! मग मी कार्ड उघडून पाहिलं, तर प्रत्येक टप्प्यावर माझ्या घड्याळापेक्षा दहा-दहा मिनिटं कमी लिहिलेली. म्हणजे सगळ्यांनी मिळून या नवख्या म्हाताऱ्याला सांभाळून घेतलं होतं.

सव्वीस वर्षं मी बाजारातले तराजू तपासतोय. दहा ग्रॅमच्या फरकासाठी दुकानदारांचे तराजू उचलून आणलेत. आणि माझ्या छातीवर खोटं मेडल? ते मी आजच क्लबाला परत धाडलं, सोबत स्टेशनमास्तरांविरुद्ध लेखी तक्रार. त्या संतापात घड्याळाला चावी द्यायचं राहिलं, ते बसमध्येच बंद पडलं. ऑफिसात येऊन तिथल्या घड्याळावरून पुन्हा लावलं.

मांड्यांना मलम लावतोय. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
काट्या

१५ नोव्हेंबर

चि. काट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. डॉक्टरांचा भाग मी जेवतानाच वाचला, त्याबद्दल तुला काय म्हणावं! शेजारणीच्या पोरीचा झगा शिवायला घेतलाय, त्यात चार दिवस गेले, म्हणून उत्तराला उशीर.

पन्नाशीत दोनशे किलोमीटर गेलास, तेही तुझ्या त्या गुडघ्यांनी. मला भरून आलं. पण तक्रार तेवढी मागे घे. स्टेशनमास्तर आमच्या मागच्या गल्लीत राहतात. दूधवालासुद्धा त्यांच्याकडे बघून आपलं घड्याळ लावतो. असा माणूस कुणावर दया करून वेळ खोटी लिहील, हे मला पटत नाही. तुझंच काही चुकलं असेल असं धरून चाल आणि कारण विचारू नकोस. थोरल्या बहिणीचं एवढं ऐकशील ना?

मलम वेळच्या वेळी लाव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

२४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वीट आला. शेजारचे आहेत म्हणून खोटेपणा पोटात घालायचा? दुकानदारांच्या बायका मला हेच सांगतात, की साहेब, आमचे हे तसे नाहीत. प्रत्येकाचे ‘हे’ तसे नसतातच.

क्लबाचं उत्तर आलं. स्वतःच्या विरुद्ध कुणी खोटी तक्रार करत नाही, म्हणून त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्टेशनमास्तरांकडून शिक्का काढून घेतला. अकरा वर्षं ते त्या टेबलावर बसत होते म्हणे. त्यांनी वाद घातला नाही. ‘कुणाला माझं घड्याळ बघायचं आहे का?’ एवढंच त्यांनी विचारलं म्हणे. कुणी बघितलं नाही. बघायचंय काय त्यात? चोराच्या उलट्या बोंबा.

तू त्यांची बाजू घेतलीस याचाच जास्त तिटकारा आला. तरी बहीण आहेस, म्हणून कृपा असू दे.

काट्या

१ डिसेंबर

चि. काट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच आणि वाचून झाल्यावर माझ्याशी बोलणं टाकायचं असेल तर टाक.

तू माझ्याकडे उतरलास त्या संध्याकाळी आंघोळीला गेलास आणि घड्याळ मोरीबाहेरच्या फळीवर ठेवलंस. मी ते पुसायला घेतलं. माझ्या स्वयंपाकघरातल्या घड्याळापेक्षा ते दहा मिनिटं मागे होतं. आपल्या आईनं घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे ठेवली होती, म्हणजे आपल्यापैकी कुणाची शाळा, कुणाची गाडी चुकायला नको. माझ्या घरीही अजून तसंच आहे. उद्या पोराची एवढी मोठी परीक्षा आणि घड्याळ मागे, असं मनात आलं आणि मी ते दहा मिनिटं पुढे केलं. तू पन्नास वर्षांचा आहेस, तू ते नीट जुळवून आणलं असशील, हे डोक्यातच आलं नाही. हात आईचा चालला.

म्हणून शिट्टी तुला उशिरा वाजल्यासारखी वाटली. म्हणून प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं कमी. तू सात चोवीसलाच पोचलास रे. सहा मिनिटं राखून, स्वतःच्या अंगबळावर.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला हे कळलं होतं. त्याच दिवशी लिहायला हवं होतं. कागद घेतला, दोनदा फाडला. तू एकदा किळस केलीस की माणूस कायमचा ताटाबाहेर टाकतोस, धाकट्या काकांना टाकलंस तसं. त्याला मी भ्यायले आणि माझ्या भीतीपायी त्या भल्या माणसाचा शिक्का गेला. हल्ली ते संध्याकाळी फिरायलाही येत नाहीत. मला माझी लाज वाटते.

रागाव, पण उत्तर पाठव.

ताई

१३ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोन दिवस कुणाचा तराजू तपासायला गेलो नाही, हात लावायची लायकी वाटेना. चार शिक्के, चार माणसं, सगळ्यांचे काटे जुळत होते, आणि मी ठरवलं की सगळे खोटे, माझा एकट्याचा खरा. बाजारात असा दुकानदार भेटला असता तर मी त्याच्या तोंडावर हसलो असतो.

रविवारी तुमच्या गावी येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही, त्याबद्दल गैरसमज नको. आधी तिथे जायला हवं होतं. क्लबाला सगळं आधीच लिहून पाठवलं होतं, त्या कागदाची नक्कल घेऊन स्टेशनमास्तरांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं, कागद शेवटपर्यंत वाचला. मग माझं घड्याळ मागून घेतलं, स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि म्हणाले की तुमच्या ऑफिसचं घड्याळ अर्धं मिनिट मागे आहे. तेवढं नीट करून परत दिलं.

टेबलावर पुन्हा बसा म्हणून मी हात जोडले. क्लबाचे चिटणीसही येऊन विनवून गेले होते. ते नाही म्हणाले. रागाने नाही, अगदी शांतपणे म्हणाले की ज्याच्यावर एकदा शंका आली त्याने पुन्हा शिक्का मारू नये, मग ती शंका खरी असो की खोटी.

ताई, हे वाक्य माझं आहे. सव्वीस वर्षं मी ते दुकानदारांना ऐकवतोय, तराजू उचलताना, त्यांच्या बायकापोरांसमोर. माझ्या कानांनी ते रविवारी पहिल्यांदा ऐकलं.

मेडल क्लबाने पोस्टाने परत पाठवलंय. आता ते खरं आहे, आणि मला ते बघवत नाही. पाकिटातच राहू दिलंय.

तू घड्याळ पुढे केलंस ते मायेनं. गप्प बसलीस ती माझ्यामुळे. सख्खी बहीण खरं सांगायला भिते, असा मी झालोय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? पुढच्या रविवारी येतो. आधी धाकट्या काकांकडे जाईन, मग तुझ्याकडे. जेवायला थांबेन, आणि घड्याळ फळीवर ठेवीन.

असा आहे तरी मला टाकू नकोस.

तुझा,
काट्या