जॅमचं बटण

मॅलकीदादा,

परवा टीव्हीवर चौघं अकॉर्डियनवाले आपल्या गावची नाचाची धून, ती रील, वाजवत होते. मधला एक सूर चौघांनीही गाळला, अगदी तुझ्यासारखा. निवेदिका म्हणाली, "ही खास क्लेअर परगण्याची शैली!"

शैली कसली डोंबलाची! तुझ्या पेटीचं ते बटण चिकटलेलं होतं आणि तुझे शिष्य तेच शिकले. त्यावर जॅम मी सांडला होता रे. बाबांपुढे तू "माझ्याच हातून सांडला" म्हणालास आणि मी साठ वर्षं गप्प बसले.

बॉस्टनला जाताना तू ठेवून गेलेली ती पेटी आज दुरुस्त करून आणली. त्या सुरासकट रील वाजवली, तर स्वयंपाकघरातून माझा नवरा फिन्टन ओरडला, "अगं, चुकलीस!"

हे पत्र धाडत नाही; शैलीचं गुपित पेटीच्या खोक्यातच राहू दे. फिन्टनला जॅम आणायला धाडलंय.

तुझी लबाड बहीण,
अट्रॅक्टा