वाचलेली अकरा रोपं

बाळ, पर्स खाली ठेव, जरा जवळ बस, एक गोष्ट सांगते. आख्यान लावल्याशिवाय तुझी सासू मुद्द्यावर येत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

एक सासू होती. नवरा गेल्यावर तिला घर खायला उठायचं, म्हणून ती मागच्या फुलबागेत जाऊन बसायची. फुलं उलटून बोलत नाहीत, देवाची तेवढी कृपा. काल तिची सून दवाखान्यातली ड्यूटी संपवून आली आणि आईंना तेवढाच हातभार म्हणून, तण समजून ॲस्टरचा अख्खा वाफा उपटून बसली. ते बी सासऱ्यांनी जाण्याआधी पुडीत बांधून ठेवलेलं होतं, घरात दुसरं नव्हतं. सासूच्या जिभेला हाड कुठलं! "माझ्या बागेत पाय ठेवू नकोस," म्हणाली. सून न जेवता झोपली.

आज सून कामावर गेल्यावर सासूनं कचऱ्याचा ढीग उपसला. अकरा रोपं जिवंत निघाली. कुंड्यांत लावून सावलीत ठेवली आहेत.

मी दोन दिवस बहिणीकडे जातेय, तिचा पाय मुरगळलाय. रोपांना संध्याकाळी ओंजळीनंच पाणी घाल, झारीनं नको. बागेत आजवर एकच खुर्ची होती, आता शेजारी दुसरी मांडली आहे. रोज आलीस की तिथं बस, चपला काढून, पाय मातीत सोडून. जेवण ओट्यावर झाकलंय, मुकाट्यानं जेव.

आणि पाणी घालताना सासऱ्यांची आठवण काढ. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनीही माझी सगळी रोपं तण म्हणूनच उपटली होती.