दाराला अडकवलेली पाटी

आई,
धीरजचा पाया पडून नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

जपानात सगळीकडे गर्दी नसते बरं. आमचं हे कोबीचं गाव डोंगरात आहे. पूर्वी घरोघर रेशमाचे किडे पाळायचे, आता अकराच घरं उरलीत, तीही म्हाताऱ्यांची. गावातली सूचना पाटीला लावून घरोघर फिरवतात. आपण वाचायची, आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारी नेऊन द्यायची.

माझ्यानंतर सातो आजींचं घर. दार वाजवलं की त्या चहाला बसवून घ्यायच्या. मला कुठं एका जागी बसवतं? मागच्या सोमवारी पाटी दाराला अडकवून मी सटकलो. गुरुवारी बघतो तर ती तिथंच. आत आजी न्हाणीपाशी पडलेल्या. दोन दिवस दवाखान्यात काढले आणि गेल्या.

मी ज्यांच्या शेतात कामाला आहे ते मालक एवढंच म्हणाले, "पाटी निमित्त असते रे. दार वाजवायचं असतं."

तुझ्याकडे रोज कोण डोकावतं? शेजारच्या सुप्रभाकाकूंना सांग, सकाळी हाक मारत चला म्हणावं. तू ओ दिलीस तरी त्यांनी आत येऊन बघावं. आणि त्या घाईत असल्या तरी चहाला बसवून घे.

तुझा,
धीरज