मिशेलचे खिसे आणि अडकलेलं नाणं

एल्को, नेवाडा
१४ मे १९७४

तीर्थरूप बेत्तिरीदादास, धाकट्या बेन्यातचा सादर नमस्कार.

तुझ्या गुडघ्याला आता कसं आहे? बेकर्सफील्डच्या कोरड्या हवेनं उतार पडला असेल. इकडे ग्रासियानाताई ठणठणीत आहे, तिची खानावळ जोरात चालली आहे, आणि मी आहे तसा आहे. (आहे तसा म्हणजे कसा, ते पुढे कळेलच.)

तर ताईच्या जेवणघरातलं वडिलांच्या वेळचं जुगाराचं स्लॉट मशीन गेल्या महिन्यात अडलं. नाणं गिळायचं, पण दांडा ओढू द्यायचं नाही. मी म्हटलं, मेकॅनिक कशाला, मी आहे ना! (हे वाक्य मी आयुष्यात चारदा उच्चारलं आहे. पैकी दोनदा आगीचा बंब आला.) तीन दिवस मशीनच्या पोटात डोकं घालून बसलो, आणि खरंच सांगतो, ती करामत मला कळली. नाणं घसरगुंडीवरून येऊन एका खाचेत उभं राहतं. दांडा ओढला की एक लोखंडी बोट पुढे येऊन ते चाचपतं. नाणं लागलं तर अडसर सुटतो. नाही लागलं तर दांडा जागच्या जागी.

एवढं कळल्यावर गप्प बसावं की नाही? पण रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर कोकराच्या रश्श्यावर तीस माणसं बसलेली असताना मी जाहीर केलं, की कुणीतरी नाण्याऐवजी पातळ चकती टाकली आहे, आणि दर रविवारी न चुकता मशीनपाशी जाणारा माणूस एकच आहे. सगळ्यांनी मिशेलकडे पाहिलं. हो, आपला म्हातारा मिशेल, तुझ्याबरोबर डोंगरात मेंढ्या राखलेला. उठून त्यानं दोन्ही खिसे टेबलावर उलटे केले. जपमाळ, एक बटण, पाच सेंटांचं एक नाणं. जपमाळ तेवढी उचलली आणि गेला. रस्सा तसाच.

सोमवारी मी घसरगुंडी खोलली. (ती तेवढीच खोलायची राहिली होती.) चकती नव्हतीच. खरंखुरं नाणं मध्येच चिकटलं होतं, कारण नाताळात मीच मशीनला तेलपाणी केलं होतं, आणि मशीनचं तेल संपलं म्हणून स्वयंपाकघरातलं ऑलिव्हचं ओतलं होतं. त्यावर धूळ बसून डिंक झाला होता. घासलेटनं धुतलं. पहिल्याच ओढीला चाकांवरची तीन आलुबुखारांची चित्रं जुळली, नाणी खळखळली. मला हसूही आलं नाही.

मिशेलच्या खोलीवर गेलो. दार अर्धं उघडून त्यानं विचारलं, "मशीन चाललं का?"

"चाललं."

"बरं झालं. ताईची काळजी मिटली," म्हणाला आणि दार लावून घेतलं. माफी मागायची राहूनच गेली. दोन रविवार त्याची खुर्ची रिकामी आहे.

तुझा, तोंड लपवून बसलेला,
बेन्यात

ता. क. : तेल कुणी घातलं असं ताईनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. नाताळात तू आला होतास ना, म्हणून. तिचं रागाचं पत्र आलं तर गपगुमान सोस. धाकट्यासाठी एवढं कर.

पुन्हा ता. क. : वरचं खोडलं असं समज. पाकिटाला खळ मागायला ताईकडे गेलो आणि सगळं ओकून बसलो. ती म्हणाली, "मेल्या, मला काय सांगतोस? आळ सगळ्यांसमोर घेतलास, आता सांगायचंही सगळ्यांसमोर. मिशेलला आणायचं माझ्याकडे लागलं." येत्या रविवारी टेबलापाशी उभं राहून बोलायचं आहे. दादा, तू ये. माझी बाजू घेऊ नकोस. नुसता शेजारी बस.